नवी स्पोर्ट्स कार डांबरी रॅलीसाठी तयार करताना कामांचा क्रम कसा ठेवावा?

वळणवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी नुकतीच एक नवी दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. इंजिन आसनांच्या मागे आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, गिअरबॉक्स दुहेरी क्लचचा आहे आणि चेसिस अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून व रिव्हेट मारून जोडलेली आहे. पुढील हंगामात बंद रस्त्यांवर होणाऱ्या डांबरी रॅलीत ही गाडी उतरवण्याचा मानस आहे. ट्रॅकवर गाडी चालवण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे, रॅलीचा मात्र अजिबात नाही.

ट्रॅकवरील मित्रांकडून जे सल्ले मिळाले त्यांचा सूर साधारण एकच आहे: ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग करून ताकद वाढवावी, गाडी २५ ते ३० मिमी खाली आणावी, कडक स्प्रिंग बसवाव्यात आणि सुरक्षेचे सामान शेवटी आयोजकांच्या यादीप्रमाणे भरावे. हा क्रम मला पटत नाही, परंतु तो कोठे चुकतो हे नेमके सांगताही येत नाही. पैसा मर्यादित असल्यामुळे एकच काम दोनदा करणे परवडणार नाही. म्हणून कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कशाला हातच लावू नये, याविषयी ज्यांनी स्वतः अशी गाडी तयार केली आहे किंवा चालवली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टॉर्कपाना यांचे उत्तर

तुमची शंका रास्त आहे. ज्या रॅलीत उतरायचे तिची नियमावली मिळवून ती अथपासून इतिपर्यंत वाचावी, आपला वर्ग ठरवावा आणि मगच गाडीला पाना लावावा. वर्ग ठरला की रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा) लागणार की नाही हे ठरते, आणि केजवर बाकी निम्मी कामे अवलंबून असतात: सीट किती मागे जाईल, हार्नेसचे (स्पर्धेच्या अनेक पट्ट्यांच्या सीटबेल्टचे) खांद्यावरचे पट्टे कशाला बांधायचे, वायरिंग कोठून न्यायचे, जादा चाक कोठे ठेवायचे. सुरक्षेचे सामान शेवटी भरायचे ठरवले, तर आधी केलेले बरेचसे काम उकलून पुन्हा करावे लागते.

तुमच्या गाडीच्या बाबतीत केजचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या परिशिष्ट ‘जे’मधील कलम २५३ प्रमाणे मुख्य कमानीची नळी सांधा नसलेल्या कार्बन पोलादाची, ४५ मिमी व्यासाची व २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमी व्यासाची व २ मिमी जाडीची असावी लागते, आणि केजचा पाय जेथे टेकतो तेथे किमान ३ मिमी जाडीची व १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची आधारपट्टी लागते. पोलादी बॉडीत ही पट्टी वेल्डिंगने बसते. अ‍ॅल्युमिनियमला पोलाद वेल्ड होत नाही, आणि जवळपास कोठेही वेल्डिंगची आच लागली तर सांध्यांतील चिकटद्रव्य जळते, शिवाय उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेले अ‍ॅल्युमिनियम त्या जागी मऊ पडते. म्हणून अशा चेसिससाठी त्या विशिष्ट मॉडेलकरिता आखलेला, बोल्टने बसणारा आणि प्रमाणपत्र असलेला केजच घ्यावा. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून अंदाजाने बनवून घेऊ नये. अल्पाइन ए११० याच पद्धतीच्या चेसिसची आहे आणि २०२० मध्ये तिची आर-जीटी (जीटी स्पोर्ट्स कारच्या) वर्गातील रॅली आवृत्ती आली, म्हणजे काम अशक्य नाही. ते उत्पादकाच्या आराखड्यानुसार व्हावे लागते, इतकेच.

सीट आणि हार्नेस यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्व नियमावलीत असते. एक मात्र सांगतो: दोन्हींवरील मानकाचे लेबल आणि तारीख खरेदीच्या वेळीच पाहावी. एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटचे आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून ५ वर्षे धरले जाते. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेली सीट स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त नसते.

आता नव्या गाडीचे खरे दुखणे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. जुन्या गाडीत सीट काढली की सीट निघते. नव्या गाडीत सीटबरोबर प्रवाशाचा सेन्सर, बाजूची एअरबॅग आणि पट्टा ताणणारे स्फोटक यंत्र निघते, आणि गाडीचा संगणक त्याची नोंद घेतो. काही गाड्यांमध्ये एअरबॅगच्या नियंत्रक पेटीतच स्थैर्य नियंत्रणाचा (गाडी घसरू लागल्यास सावरणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असतो, त्यामुळे ‘आता एअरबॅग नाहीत तर ही पेटी कशाला’ असे म्हणून ती काढल्यास एबीएसपर्यंत गोंधळ होऊ शकतो. एअरबॅग आणि पट्ट्यांची यंत्रे बॅटरी सोडवून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबूनच काढावीत, आणि हे काम त्या गाडीचे वायरिंग आकृतीसह समजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बसवतानाही हीच अडचण येते. त्याने बॅटरी तोडण्याबरोबरच चालू इंजिनही बंद पडले पाहिजे, आणि अल्टरनेटरचा झटका संगणकाला बसता कामा नये. पारंपरिक किल्लीच्या स्विचपेक्षा इलेक्ट्रॉनिक आयसोलेटर येथे बरा. चालताना दरवाजे आपोआप लॉक होण्याची सोय बंद करून घ्यावी. अपघातानंतर बाहेरच्या माणसाला दार उघडता आले पाहिजे.

याखेरीज दोन गोष्टी ट्रॅकवर लक्षात येत नाहीत. बऱ्याच नव्या गाड्या ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्यास इंजिनची ताकद तोडतात. डाव्या पायाने ब्रेक लावायची सवय असेल तर ऐन वळणात गाडी गळाठते. आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकने तीव्र वळणात मागची चाके हवी तेव्हा अडवता येत नाहीत. त्यासाठी हायड्रॉलिक हँडब्रेक घालायचा का, हे आधी नियमावलीत आणि मग स्वतःच्या कौशल्यात पाहावे. पहिल्या हंगामात त्याची गरज पडू नये असे माझे मत आहे.

ब्रेकवर मात्र हात आखडता घेऊ नये. माणसांसह १५०० किग्रॅची गाडी ताशी १८० किमीवरून ८० वर आणताना सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. तीच गाडी ताशी ६० वरून पूर्ण थांबवायला सुमारे २ लाख पुरतात. पहिल्या आकड्यातील दोन तृतीयांश भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो आणि प्रत्येक डिस्क १० किग्रॅची आहे असे धरले, तर अशा एकाच ब्रेकिंगमध्ये डिस्कचे तापमान साधारण १०० अंशांनी चढते. ट्रॅकवर पुढे लांब सरळ पट्टा येतो आणि डिस्क थंड होते. डोंगरातल्या स्टेजवर (रॅलीतील वेळ मोजल्या जाणाऱ्या बंद रस्त्याच्या टप्प्यावर) पुढचे वळण लगेच उभे असते. १९५६ मध्ये सुरू झालेली कॉर्सिका बेटावरील ‘तूर द कोर्स’ ‘दहा हजार वळणांची रॅली’ म्हणून ओळखली जाते ती उगीच नव्हे. उतारावर तर हे आणखी वाढते.

म्हणून पहिला खर्च चांगल्या ब्रेक ऑइलवर. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु ते हवेतील ओल शोषते आणि ओल धरलेल्या ऑइलसाठी मानकातील किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. रेसिंगची ऑइले कोरडी असताना ३०० अंशांच्या पुढे जातात, पण त्यांनाही ओल लागते. म्हणून प्रत्येक रॅलीपूर्वी ऑइल पूर्ण बदलावे. पॅड निवडताना केवळ कमाल तापमान पाहू नये. रॅलीत तुम्ही साध्या रहदारीतून स्टेजच्या सुरुवातीला पोहोचता, तेथे रांगेत थांबता, आणि मग पहिल्याच वळणाला थंड ब्रेक पूर्ण ताकदीने लागावे लागतात. गरम झाल्याशिवाय न पकडणारा शुद्ध रेसिंगचा पॅड येथे धोक्याचा आहे. कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर त्या काढून ठेवून लोखंडी डिस्क बसवण्याचा विचार करावा; एका दगडाने टवका उडाला तरी सिरॅमिक डिस्कचा बदली खर्च तुमच्या सगळ्या अंदाजपत्रकाला भारी पडेल.

गाडी खाली आणण्याचा सल्ला सरळ बाजूला ठेवावा. सार्वजनिक रस्त्याला उंचवटे असतात, मध्यभाग फुगीर असतो, पुलांच्या सांध्यांवर गचके बसतात, आणि आधीच्या गाड्यांनी वळणे कापून कडेची माती व खडी आत ओढलेली असते. चाक हवेत असताना पकड शून्य असते, म्हणून सस्पेंशनला वरखाली हलायला पुरेशी जागा हवी. माझ्या अनुभवात मूळ उंची किंवा किंचित जास्त उंची, मध्यम स्प्रिंग आणि चांगले शॉक ॲब्झॉर्बर असलेली गाडी खाली बसवलेल्या कडक गाडीपेक्षा खऱ्या रस्त्यावर वेगवान ठरते आणि चालकाला कमी थकवते. पैसे नसतील तर पहिल्या वर्षी मूळ शॉक ॲब्झॉर्बरच ठेवावेत. फक्त चाकांचे अलाइनमेंट नीट करून घ्यावे आणि पुढच्या चाकांना मूळ सोय देईल तितका ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणे) द्यावा.

ताकद? ती जशी आहे तशी राहू द्यावी. रीमॅपिंगने वाढणारी उष्णता आधी इंजिनच्या, मग गिअरबॉक्सच्या तेलात उतरते, आणि दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स तापला की स्वतःच ताकद कमी करतो. तेच पैसे गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरवर घालावेत.

दुसरागिअर यांचे उत्तर

वरील उत्तरातील तांत्रिक भागाशी माझा वाद नाही, परंतु मूळ गृहीतकाशी आहे. कोऱ्या गाडीत केज घालण्याचा निर्णय पहिल्याच हंगामात का घ्यावा? अनेक डांबरी रॅलींमध्ये स्पर्धात्मक वर्गांखेरीज पर्यटन वर्ग किंवा कमाल वेगाची मर्यादा असलेला वर्ग असतो, ज्यात वेळेची चुरस नसते किंवा मर्यादित असते आणि सुरक्षेच्या अटीही सौम्य असतात. प्रश्नकर्त्यांना ट्रॅकचा सराव आहे, रॅलीचा नाही. ट्रॅकवर एकच वळण दिवसभरात वारंवार येते आणि चूक झाली तर बाजूला मोकळी जागा असते. रॅलीत प्रत्येक वळण जवळजवळ पहिल्यांदाच येते आणि कडेला झाड, दगडी भिंत किंवा दरी असते. हा फरक अंगवळणी पडण्यासाठी एक हंगाम त्या वर्गात घालवावा आणि गाडी जवळपास मूळ अवस्थेत ठेवावी. केज एकदा बसला की आतील साज निघतो, वॉरंटी अडचणीत येते, विमा कंपनी नव्याने प्रश्न विचारते आणि रोजच्या वापराला गाडी निरुपयोगी होते. डोक्यावर हेल्मेट नसताना नळीच्या इतक्या जवळ बसणे हे साध्या रस्त्यावर धोक्याचेच आहे.

दुसरे असे की स्थैर्य नियंत्रण बंद करण्याचा मोह येथे कोणी उघड बोलून दाखवला नसला तरी तो पुढे येतोच. पहिल्या हंगामात ते स्पोर्ट अवस्थेत ठेवावे, पूर्ण बंद करू नये. ओल्या पानांवर मागचे चाक सुटले की ते सावरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा अरुंद रस्ता देत नाही. मात्र एक खबरदारी घ्यावी: पुढच्या व मागच्या टायरांच्या व्यासाचे मूळ प्रमाण बदलू नये, अन्यथा चाकांच्या वेगांची तुलना चुकते आणि ही यंत्रणा नको तेव्हा मध्ये पडते.

वळणवाट

दोघांचेही मनापासून आभार. मर्यादित वेगाच्या वर्गाची सूचना मी गांभीर्याने घेत आहे. मला मिळालेल्या नियमावलीनुसार त्या वर्गात अग्निशामक, हेल्मेट आणि मान सावरणारे उपकरण लागते, केज ऐच्छिक आहे. दोन शंका उरतात. माझ्या गाडीत जादा चाकच नाही, फक्त पंक्चरचा फेस आणि पंप आहे. तो पुरेल का? आणि शेजारच्या आसनावर बसणाऱ्या सहचालकासाठी नेमके काय करावे लागते? आतापर्यंतचे सर्व सल्ले चालकाच्या बाजूचेच मिळाले आहेत.

पेसनोट यांचे उत्तर

मी बहुतेक वेळ पेस नोट, म्हणजे वळणांच्या डाव्या-उजव्याचे आकडे, वाचत शेजारच्या सीटवर काढलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो.

सहचालकाची सीट चालकाच्या सीटपेक्षा खाली आणि मागे असावी; वजन खाली राहते आणि बाजूच्या धडकेत डोके दाराच्या चौकटीपासून दूर राहते. त्याला रस्ता फारसा दिसत नाही याची चिंता करू नये, कारण त्याचे डोळे वहीवरच असतात आणि वळण तो पाठीने व मांड्यांनी ओळखतो. पाय रोवायला घट्ट पायटेक हवी; ती नसेल तर प्रत्येक ब्रेकिंगला शरीर पुढे सरकते आणि वाचन तुटते. हार्नेस आवळून बसल्यावर त्याला मेन स्विच, अग्निशामकाचे बटण, पट्टा कापायची सुरी आणि ट्रिपमीटर (अंतर मोजणारे यंत्र) हे सारे हातात आले पाहिजे. हे दुकानात बसून ठरत नाही. दोघांनी हेल्मेट घालून, मानेचे उपकरण लावून, पट्टे आवळून गाडीत बसावे आणि मगच प्रत्येक वस्तूची जागा पक्की करावी. हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जवळजवळ आडवे जावेत. एफआयएच्या नियमात खाली उतरण्याची कमाल मर्यादा ४५ अंशांची असली तरी शिफारस १० अंशांच्या आत राहण्याची आहे. तुमच्या गाडीत आसनांमागे लगेच इंजिनची भिंत असल्यामुळे, केज नसताना हे पट्टे बांधायचे कशाला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. मूळ पट्ट्याच्या जमिनीवरच्या बोल्टला ते बांधू नयेत. धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि मणक्यावर भार येतो. मान सावरणारे उपकरण सहसा अशा हार्नेससाठीच आखलेले असते, त्यामुळे केज ‘ऐच्छिक’ असला तरी मागे किमान हार्नेस बांधण्याची प्रमाणित कमान लागेल असे गृहीत धरावे, आणि केजविना बकेट सीट व हार्नेस वापरण्यास मुभा आहे का, हे आयोजकांना लेखी विचारावे.

हीटर, पंखा आणि एसी वजन कमी करण्यासाठी काढू नयेत. पावसाळी स्टेजवर दोन घामेजलेली माणसे बंद केबिनमध्ये बसली की काच मिनिटाभरात धुरकट होते, आणि एसीचा मुख्य उपयोग तेव्हा हवेतील ओल काढण्याचा असतो. इंटरकॉम चांगल्या प्रतीचा घ्यावा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवणार असाल तर माझी आधीच हरकत नोंदवून ठेवतो. ऐकू न आलेली पेस नोट ही नसलेल्या नोटेपेक्षा वाईट. टायरचा आकार बदलल्यास ट्रिपमीटर मोजलेल्या अंतरावर पुन्हा जुळवून घ्यावा.

आता फेसाबद्दल. टायरच्या पृष्ठभागात खिळा घुसला तर फेस चालतो, परंतु रॅलीत टायर बहुधा वळणाच्या आतल्या कडेवर बाजूने कापला जातो आणि त्याला फेसाचा काही उपयोग नाही. तुमच्या गाडीची पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापांची असणार, म्हणजे एक जादा चाक दोन्हीकडे चालणार नाही. मागे पुढचे चाक लावून हळूहळू स्टेजबाहेर येता येते का, हे ब्रेकच्या कॅलिपरवर चाक अडकत नाही ना ते पाहून घरीच तपासावे. चाक ठेवायचे तर ते पट्ट्याने किंवा बोल्टने जखडलेलेच असावे. २० किग्रॅचे सुटे चाक केबिनमध्ये नको.

टॉर्कपाना

दुसरागिअर यांची सूचना योग्य आहे, आणि मर्यादित वेगाचा वर्ग घेतला तरी माझ्या यादीतील ब्रेक ऑइल, पॅड, कूलर आणि अलाइनमेंट हे सारे तसेच लागू राहते. टायरविषयी राहून गेले होते ते लिहितो.

रस्त्यावर चालवण्यास मान्य असलेले सेमी-स्लिक (कमी खाचांचे) टायर कोरड्या रस्त्यावर उत्तम पकडतात, पण थंड असताना आणि साचलेल्या पाण्यावर ते फसवे असतात. रॅली डोंगरात असेल तर एकाच दिवशी ऊन, धुके आणि पाऊस तिन्ही भेटतात, आणि टायर बदलण्याची संधी केवळ सर्व्हिसच्या ठिकाणी मिळते. नवशिक्याने मधल्या प्रतीचा, पाणी फेकणारा टायर निवडावा. हवेचा दाब थंड टायरवर नव्हे तर गरम टायरवर ठरवावा. २० अंशांना २८ पीएसआय भरलेला टायर आतील हवा ६० अंशांवर गेली की सुमारे ३४ वर जातो आणि ८० अंशांना ३६ च्या पुढे. थंडपणी योग्य वाटलेला आकडा तिसऱ्या किलोमीटरला चुकीचा असतो. म्हणून चाचणीच्या दिवशी थांबल्याबरोबर दाब मोजून वहीत लिहावा, शेजारी हवेचे आणि रस्त्याचे तापमानही लिहावे.

चाचणी दोन वेळा करावी. पहिली बंद ट्रॅकवर: नव्या पॅडची घासणी करून ते बसवून घ्यावेत, तेलांचे तापमान कोठपर्यंत चढते ते पाहावे, आणि इंधनाची टाकी पाव भागाच्या खाली असताना लांब वळणात इंजिन अडखळते का, हेही मुद्दाम तपासावे, कारण वळणात इंधन एका बाजूला सरकते आणि पंपाला हवा मिळते. दुसरी चाचणी खडबडीत डोंगरी रस्त्यावर, कायदेशीर वेगातच, परंतु पूर्ण सामान, जादा चाक आणि सहचालकासह करावी. तेथे वेग पाहायचा नसतो; कोणती वस्तू वाजते, कोणता पाइप घासतो, खालचा पत्रा कोठे टेकतो ते पाहायचे असते. इंजिनखालचे मूळ प्लास्टिकचे आच्छादन काढून जाड सम्प गार्ड घालणार असाल तर या चाचणीनंतरच घालावा, आणि त्याने गिअरबॉक्सकडे जाणारी हवा अडत नाही याची तापमान पुन्हा मोजून खात्री करावी.

परत आल्यावर सस्पेंशनचा, कॅलिपरचा आणि सीटचा प्रत्येक बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला तपासून त्यावर रंगाची रेघ ओढावी. रॅलीत सर्व्हिसला मोजकी मिनिटे मिळतात आणि रेघ सरकलेली दिसली की कोणत्या बोल्टला पाना लावायचा ते विचारावे लागत नाही. नव्या मॉडेलचे सुटे भाग मागणीनंतर अनेक आठवड्यांनी येतात, तेव्हा पुढचे व मागचे एकेक कंट्रोल आर्म, एक व्हील बेअरिंग आणि पॅडचा दुसरा संच आजच मागवून ठेवा.